आधी बोलेल तो हरला

बुधवार, ५ नोव्हेंबर २००३

आज सलोखा केंद्राची पहिली बैठक झाली. वसई गावात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली ट्रस्टने दिली आहे. टेबल, खुर्च्या, पंखा. पंख्याला रेग्युलेटर नाही, त्यामुळे एकतर वादळ, नाहीतर उकाडा.

नवरा-बायकोची भांडणं कोर्टात जाण्याआधी इथे मिटवायची, असा उद्देश. मिटवणारे आम्ही तिघं. पत्रकावर आमच्या नावांपुढे 'लवाद' असं छापलं आहे. ट्रस्टला खरं तर निवृत्त न्यायाधीश हवे होते, पण फुकटात बुधवार घालवायला कोण न्यायाधीश तयार होणार? मग जे मिळाले ते असे: ॲडव्होकेट स्वप्ना चुरी, वय तिशीच्या आसपास, चुणचुणीत. फ्लॉसी डिमेलो, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त. आणि मी, विलास केळुसकर, निवृत्त सरकारी कामगार अधिकारी.

स्वप्नाने प्रत्येकाला विचारलं, तुमच्या नोकरीचा इथे काय उपयोग होईल असं वाटतं? फ्लॉसीबाई म्हणाल्या, "माणसं रात्री रडतात आणि सकाळी राउंडला विचारलं की म्हणतात, मला काय झालंय? एवढंच मला माहीत आहे." याला काय अनुभव म्हणायचा?

मी स्पष्ट सांगितलं, की माझी सगळी नोकरी मालक आणि युनियन यांच्यात समेट घडवण्यात गेली. नवरा-बायको म्हणजे तरी दुसरं काय? दोन पक्ष. मागण्या लिहून घ्यायच्या, वेगवेगळं बसवायचं आणि थांबायचं. आधी बोलेल तो हरला, हे दोघांनाही ठाऊक असतं. पहिल्या आठवड्यात संपाला जोर असतो, तिसऱ्या आठवड्यात घर आठवतं.

"आणि चौथ्यात?" फ्लॉसीबाईंनी विचारलं.

"चौथ्यापर्यंत सहसा जात नाही," मी म्हटलं.

घरी आलो, कुलूप उघडलं. विनया अजून नाशिकला, आमच्या ज्ञानदाकडे. भाऊबीज झाली आणि गेली. जाताना म्हणाली, "मी आता तिकडेच राहीन म्हणते." मी पेपर वाचत होतो. विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "बघू." बघू हे काय उत्तर झालं? संपावर जायचं तरी आधी नोटीस द्यावी लागते. मी काही बोललो नाही. लेकीच्या घरी आईला फार दिवस करमत नसतं. येईल.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी नळाचं पाणी चुकलं. ते किती वाजता येतं हेच मला माहीत नव्हतं, कारण भरायचं काम विनयाचं. शेजारून दोन बादल्या आणल्या. शेजारीण म्हणाली, "वहिनी कधी येणार?" म्हटलं, लवकरच.

ज्ञानदाचा फोन आला. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का. मग म्हणाली, "आईशी बोलता, बाबा?"

"तिला बोलायचं असेल तर तिनं घ्यावा."

रिसीव्हरवर हात ठेवावा तशी शांतता झाली. मग ज्ञानदा म्हणाली, "बरं." याचा अर्थ विनया तिथेच उभी होती. हे लक्षण चांगलं आहे. ज्याला यायचंच नाही तो फोनजवळ कशाला उभा राहील?

बुधवार, १९ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण. पास्कल आणि ग्रेसी, पाचूबंदरचे. त्याची बोट आहे, ती मासळी विकते. सप्टेंबरपासून ती माहेरी, अर्नाळ्याला. फादरांनी दोघांना समोर बसवून पाहिलं, पण त्यांच्यापुढे दोघंही नुसते माना खाली घालून बसले. म्हणून फादरांनी आमच्याकडे पाठवलं.

आधी ग्रेसीला आत घेतलं. मारहाण? नाय. दारू? "नाताळाला घेते, तेवडी माझा बाप पन घेते." मग तक्रार काय?

"बोलत नाय तो."

"अजिबात?"

"दर्यावरनं येते, आंग धुते, जेवते, जालं घेऊन बसते. मी घरात हाय का नाय, त्याला ठावं पन नसंल. भिताडाशी लगीन लागलंय माजं."

मी मागणी क्रमांक एक लिहिली: पतीने बोलावे. मग विचारलं, रोज किती वेळ? ती माझ्याकडे बघतच राहिली. मी समजावलं, की मागणी मोजता आली पाहिजे, नाहीतर ती पूर्ण झाली की नाही हे कोण ठरवणार? ती म्हणाली, "लिवा तुमाला बरं वाटंल ते." मी 'रोज अर्धा तास, बोट समुद्रात असतानाचे दिवस वगळून' असं लिहिलं. फ्लॉसीबाई पेन हातात धरून बसल्या होत्या, पण त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही.

पास्कल बाहेर बाकावर होता. धिप्पाड गडी, पण हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखा बसला होता. त्याला जिन्यात बाजूला घेतलं. तो म्हणाला, "साहेब, मी उद्या अर्नाळ्याला जानार व्हतो. तिच्या आयशीला सुके बोंबील आवडतात."

"अजिबात जायचं नाही," मी म्हटलं. "पुढची तारीख होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. तू गेलास की तुझी बाजू पडली."

"तुमी मोठ्या मोठ्या कंपन्या मिटवल्यात. तुमाला म्हाईत," तो म्हणाला. असा ऐकणारा पक्षकार क्वचित मिळतो. मला तो आवडला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

समोरची चिकूची वाडी गेली. बिल्डरने जेसीबी लावलाय. आम्ही इथे उमेळ्यात राहायला आलो तेव्हा चारी बाजूंना झाडं होती, आता आमच्या गॅलरीसमोरची तेवढी उरली होती. विनया रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथे उभी राहायची आणि काहीबाही सांगायची, कुठला पक्षी आला, कुठल्या झाडाला फळ धरलं. मी आतूनच हूं हूं करायचो. तिथे बघण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

आज मी उभा राहिलो. मधलं मोठं झाड पाडलं ते पाहिलं. कोणालातरी सांगावंसं वाटलं. मग आत येऊन बातम्या लावल्या.

बुधवार, ३ डिसेंबर

पास्कल-ग्रेसीची दुसरी तारीख. दोघांना समोरासमोर बसवलं. पास्कल अर्ध्या तासाला तयार होता, मसुदाही तयार होता. आता सह्या होणार असं मी धरून चाललो होतो. ग्रेसीने कागद परत सरकवला.

"मला नको तो अर्धा तास."

"का?"

"मी रोज वाट बघतली. पंधरा दिस होऊन गेले, ह्यो एकदा पन आला नाय. कुत्रं हरवलं तरी मानूस शोधायला जाते."

पास्कलने माझ्याकडे पाहिलं. मी मसुद्याकडे पाहिलं. एका शब्दात तो माझं नाव घेऊ शकला असता, पण त्याने तोंड उघडलं नाही. शिस्तीचा माणूस. मी शेरा लिहिला: पत्नीने मागणी मागे घेतली, परिस्थिती पतीस अनुकूल.

सगळे गेल्यावर फ्लॉसीबाईंनी थर्मासमधला चहा ओतला आणि विचारलं, "पास्कलला जाऊ नको असं कोणी सांगितलं?"

मी लपवलं नाही. ही पद्धत आहे, म्हटलं, आणि ती पद्धत किती ठिकाणी लागू पडली तेही सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "केळुसकर, कामगार संप करतात ते त्यांना त्याच कंपनीत परत जायचं असतं म्हणून. म्हणून तुमचं थांबणं चालतं. ही बाई परत यायचंय म्हणून गेली आहे की जायचंय म्हणून, हे तुम्ही विचारलंत का?"

मी म्हटलं, बघू काय होतं ते. परत येताना रिक्षात मनात आलं, की आयुष्यभर सलाईन लावत आलेल्या बाईने मला समेट शिकवावा. राग आला होता. पण उमेळ्याचा फाटा आला तरी तेच वाक्य डोक्यात घोळत होतं.

रविवार, ७ डिसेंबर

ज्ञानदाचा फोन. म्हणाली, "आई इथल्या एका पाळणाघरात जायला लागलीय. सकाळचे चार तास. मुलं तिला सोडत नाहीत."

"लोकांची पोरं सांभाळायला नाशिकला जावं लागलं का?" मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही तिला एकदा ये म्हणाल का?"

"मी जा म्हटलं नव्हतं. मग ये कशाला म्हणू?"

"तुम्ही दोघं एकमेकांची चौकशी माझ्याकडेच करता. मी दमले."

म्हटलं, मध्यस्थाचं काम असंच असतं. तिने फोन ठेवला. तसं बोलायला नको होतं.

तिने 'एकमेकांची चौकशी' असं म्हटलं. म्हणजे विनया विचारते. काय विचारते, हे विचारायला हवं होतं.

घर फार मोठं वाटतं. दोन खोल्या आणि किचन, त्यात मोठं काय असणार? पण वाटतं.

बुधवार, १७ डिसेंबर

पास्कल आणि ग्रेसी तारखेला एकत्रच आले, एकाच सायकलवर. स्वप्नाला वाटलं, तारखेपुरते एकत्र आले असतील. पण ग्रेसी पाचूबंदरला परत आली आहे.

पास्कल म्हणाला, "त्या दिशी तिनं कुत्र्याचं काडलं, ते मला लय लागलं. तुमचं ऐकलं नाय साहेब, माफ करा. दुसऱ्याच दिशी गेलो. काय बोलायचं ते सुचलं नाय, म्हनून नुसता बसलो तिच्या आयशीच्या ओट्यावर. परत गेलो, परत बसलो."

ग्रेसी म्हणाली, "शेजारची हसाया लागली. मग मीच म्हनले, चल आता."

मी विचारलं, कोणत्या अटींवर? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसायला लागले. मी बजावलं, की अटींशिवाय झालेला समेट टिकत नाही. ग्रेसी म्हणाली, "मोडला तर येऊ की परत, तुमी हायच." स्वप्नाने फाइल बंद केली.

दोघं जिना उतरून गेली. खिडकीतून बघितलं तर तो सायकल हातात धरून चालला होता आणि ती बाजूने काहीतरी सांगत होती. तो बोलत नव्हताच. मान तेवढी तिच्याकडे होती.

मला हेवा वाटला. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे.

गुरुवार, २५ डिसेंबर

फ्लॉसीबाईंनी जेवायला बोलावलं होतं. घर भरलेलं, भाऊ, भावजया, पोरंटोरं. माझ्या पानात तर कोणीही येऊन काहीही वाढत होतं. निघताना बाई म्हणाल्या, "मिसेसना आणायचं होतं."

"ती नाशिकला आहे."

"नाताळासाठी?"

"नाही, दिवाळीपासून."

त्यांनी डबा भरून दिला. मेट्रन लोकांना चेहरा कोरा ठेवायची सवयच असते, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळलं नाही. आठवडे मोजायचे मी सोडून दिले आहेत. तिसरा केव्हाच गेला.

रविवार, २८ डिसेंबर

ज्ञानदाला केंद्राबद्दल सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून जरा रंगवून सांगितलं. म्हटलं, आमच्यापुढे बायका एकेक तास बोलतात आणि मी मध्ये एक अक्षर बोलत नाही, तसा नियमच आहे.

"एक तास?" ती म्हणाली. "मध्ये न बोलता? तुम्ही?"

"मग? ऐकून घेणं हेच तर काम."

मग तिने विचारलं, केंद्र कुठल्या वारी असतं. म्हटलं, बुधवारी. अभिमान वाटला असणार तिला.

बुधवार, ७ जानेवारी २००४

जमेल तसं लिहितो.

आज एकच प्रकरण होतं. स्वप्ना मला म्हणाली, "सर, आधी तुमच्याशी बोलायचं होतं, पण त्यांनी नको म्हणून सांगितलं." तेवढ्यात दार उघडलं आणि विनया आत आली. पिवळी साडी, मी कधी न पाहिलेली. मला वाटलं, केंद्र बघायला आली. "ये, बैस," म्हणालोसुद्धा, लोकांना म्हणतो तसा. ती पक्षकाराच्या खुर्चीवर बसली तेव्हा कळलं.

फ्लॉसीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "केळुसकर, तुम्हाला टेबलाच्या या बाजूला बसता येणार नाही."

म्हटलं, अर्थात. स्वतःच्या प्रकरणात लवाद बसत नसतो, हे मला कोणी सांगायला नको. उठलो आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो, जिथे पास्कल बसायचा. दार लोटलेलं होतं. आतला आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ एकटी विनयाच बोलत होती. तिला इतकं बोलायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. एकदा ती हसली आणि फ्लॉसीबाईही हसल्या. कशावर ते कळलं नाही. मला आत जाऊन विचारावंसं वाटत होतं.

मग मला बोलावलं. विनयाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसलो.

स्वप्ना म्हणाली, की त्या नाशिकलाच राहणार आहेत. घटस्फोट नको, खर्च नको, घरात हिस्सा नको. तक्रारही काही नाही.

"मग मागणी काय?" मी विचारलं.

"मागणी काही नाही," विनया म्हणाली.

"हे घरी बोलता आलं असतं."

"घरी बोलले होते मी. तिकडेच राहीन म्हटलं, तर तुम्ही किती दिवस विचारलंत. ज्ञानदा म्हणाली, इथे तुम्ही ऐकून घेता. म्हणून नंबर लावला. तर तुम्हाला बाहेरच बसवलं." ती रागावलेली नव्हती. मी टेबलावर मुठी आपटणारे कामगार पाहिले आहेत, घाण शिव्या ऐकल्या आहेत. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. ही अगदी शांत होती, आणि तब्येत चांगली दिसत होती.

माझ्या तोंडातून निघालं, "उभय पक्षांनी सामोपचाराने..."

"केळुसकर," फ्लॉसीबाई म्हणाल्या, "तुम्हीच पक्ष आहात. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा."

पंखा गरगरत होता. कागद उडू नयेत म्हणून स्वप्नाने हात ठेवला होता. मी म्हटलं, "मला फार एकटं वाटतं."

विनयाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मलाही वाटायचं," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसलेले असायचात तेव्हा."

स्वप्नाने विचारलं, नोंद काय करू? म्हटलं, मी सांगतो, लिहा. उभयतांत वाद नाही. मागणी नाही. सबब समेट संभवत नाही. आयुष्यात मी अवाच्या सवा मागण्या खाली आणल्या, वेडगळ मागण्यांतून मार्ग काढले. जो काहीच मागत नाही त्याच्यासाठी माझ्याकडे काही नाही. विनयाने सही केली, खाली मी केली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं अक्षर अजून छान आहे."

एसटी स्टँडपर्यंत बरोबर गेलो. ती नको म्हणाली नाही. तिने विचारलं, पाणी वेळेवर येतं का? म्हटलं, हल्ली सहाला येतं, मी भरून ठेवतो. "सहाला होय? बदलली वाटतं वेळ," म्हणाली. वाडी तोडल्याचं मी सांगितलं. तिला ज्ञानदाकडून कळलं होतं. नाशिकच्या गाडीला गर्दी नव्हती. तिला खिडकी मिळाली, पण पलीकडच्या बाजूची.

गुरुवार, ८ जानेवारी

काही लिहिण्यासारखं नाही. पाणी भरलं.

रविवार, ११ जानेवारी

आज ज्ञानदाच्या फोनची वाट पाहिली नाही. मीच लावला. विनयाने उचलला.

"काय हो, काही काम होतं का?"

"नाही."

"मग ठेवू?"

"नको ठेवूस," मी म्हटलं.

तिने ठेवला नाही. बोलली मात्र काही नाही, आणि मलाही काही सुचेना. पलीकडे नातू काहीतरी मागत होता, कुकरची शिट्टी झाली. मी ऐकत राहिलो. मग ती म्हणाली, "भाजी लागेल हं."

"जा," मी म्हटलं.

"हं," म्हणाली, आणि तरी थोडा वेळ थांबली.